एसक्यूलाइटमध्ये तारीख मजकूर म्हणून: हंगामभर वापरल्यावर

पंचवटीतल्या मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर आवक-जावकीच्या नोंदी हंगामभर एसक्यूलाइटच्या (एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) फाइलमध्ये चालू आहेत. तारखेचा कॉलम टेक्स्ट म्हणजे साधा मजकूर, मांडणी वर्ष-महिना-दिवस. निवड योग्यच ठरली, मात्र खालची काळजी घेतली तर.

एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकारच नाही. कॉलमचा प्रकार ‘डेट’ लिहिला तरी त्यात ‘काल’ हा शब्दसुद्धा बिनतक्रार मावतो. १९७० पासूनचे सेकंद ठेवले तर २०३८ पर्यंत ४ बाइटमध्ये भागतं, मजकुराला १० लागतात. गाळ्याच्या हिशोबात हा फरक किरकोळ. उलट १७३५६८९६०० बघून मुनीमजींना काय कळणार? दिवस-महिना-वर्ष मात्र ठेवूच नका, मजकुराचा क्रम डावीकडच्या अक्षरापासून लागतो: ०२-०१-२०२५ ही ३१-१२-२०२४ च्या आधी लागते.

खरा घोळ ‘नाऊ’चा, म्हणजे आत्ताची वेळ देणाऱ्या शब्दाचा. तो ग्रिनिचची वेळ देतो, आपण साडेपाच तास पुढे. रात्री दोनला वाशीकडे निघालेल्या भाजीच्या गाडीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. पहाटे साडेपाचनंतर सगळं बरोबर, म्हणून दिवसा तपासणाऱ्याला हे दिसतच नाही. त्याला ‘लोकलटाइम’ (सर्व्हरच्या स्थानिक वेळेत बदलणारा शब्द) जोडा, सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर नसेल तर त्याऐवजी सरळ ५ तास ३० मिनिटं मिळवा.

कॉलमवर चेक (नोंद घेण्याआधी तपासली जाणारी अट) हवाच: तारखेत शून्य दिवस मिळवून ‘डेट’ फंक्शनमधून काढलेली किंमत मूळ मजकुराशी जुळली पाहिजे. ३० फेब्रुवारी तिथेच अडतो, कारण तो २ मार्च (लीप वर्षात १ मार्च) होऊन बाहेर येतो. तुलना ‘इज’ने करा. बरोबरीचं चिन्ह वापरलं की भलत्या मजकुराला नल (किंमतच नाही) मिळतो, आणि नल आला तर चेक नोंद आत जाऊ देतो. मराठी कळफलकावरून देवनागरी आकडे आले तरी ‘डेट’ नलच देतं. ते आधी बदलून घ्या.

तारखेसोबत वेळही ठेवत असाल तर महिन्याच्या अहवालात ‘३० एप्रिलपर्यंत’ लिहू नका, वेळ जोडलेला मजकूर नुसत्या तारखेच्या पुढे लागतो आणि ३० तारखेची सगळी आवक गळते. ‘१ मेच्या आधी’ लिहा.

जुन्या एक्सेलमधून ४५६५८ असा आकडा आला तर तो १ जानेवारी २०२५. त्यातून २५५६९ वजा केले की १९७० पासूनचे दिवस मिळतात.