हप्ते थकल्यावर कोणते दार ठोठवावे? बेळगाव सीमाभागातील कर्जदारांसाठी तुलनात्मक आढावा

कर्ज थकले की घरात दोन अडचणी एकदम शिरतात. एक म्हणजे पैशांची तूट आणि दुसरी म्हणजे पैसे मागणाऱ्यांचा जाच. या दोन्ही एकच आहेत असे धरून चालल्यामुळे माणूस चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतो. पोलिसांत तक्रार दिल्याने कर्जाचा आकडा सहसा कमी होत नाही आणि बँकेशी तडजोड झाल्याने खाजगी सावकाराचा माणूस दारात यायचा थांबत नाही. म्हणून पुढील प्रत्येक मार्गाबाबत दोनच प्रश्न विचारावेत: याने जाच थांबेल का, आणि याने रक्कम किंवा हप्ता कमी होईल का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल असा मार्ग क्वचितच सापडतो.

त्याआधी देणेकऱ्यांची विभागणी करणे आवश्यक आहे. खानापूर तालुक्यातील एखादे शेतकरी कुटुंब, वडगाव-शहापूर भागातील विणकराचे घर किंवा निपाणीतील विडी कामगार महिलेचे घर घेतले, तर तेथे बहुधा तीन-चार प्रकारची देणी एकत्र आढळतात: महिलांच्या गटामार्फत घेतलेले फायनान्स कंपनीचे कर्ज, दोन जामीनदार देऊन सोसायटीतून उचललेले कर्ज, ओळखीच्या माणसाकडून शेकडा दराने घेतलेली रक्कम आणि गहाण पडलेले सोने. या प्रत्येकाला वेगळा कायदा लागू होतो. कर्ज देणारा कोण आहे यावरून दाद कोठे मागायची हे ठरते. कर्ज कशासाठी घेतले यावरून नव्हे.

गटकर्जापासून सुरुवात करू, कारण सध्या सर्वाधिक गोंधळ तेथेच आहे. फायनान्स कंपन्यांच्या वसुलीविरुद्ध संताप उसळल्यानंतर कर्नाटक सरकारने 12 फेब्रुवारी 2025 रोजी सूक्ष्म व लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीला प्रतिबंध करणारा अध्यादेश काढला आणि पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने त्याचे कायद्यात रूपांतर केले. धमकी देणे, पाठलाग करणे, घरासमोर ठाण मांडणे, कुटुंबीयांना त्रास देणे अशा प्रकारांसाठी त्यात 10 वर्षांपर्यंत कारावास आणि 5 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोंदणी व परवाना नसलेल्या संस्थेने दुर्बल घटकांना दिलेले कर्ज फिटले असे मानण्याची तरतूदही त्यात आहे. या शेवटच्या तरतुदीमुळे ‘कायदा आला, आता कोणाचाच हप्ता भरायचा नाही’ अशी बातमी गावोगावी पसरली. ती चुकीची आहे आणि तिच्यावर विसंबणाऱ्यांचेच नुकसान होणार आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँका व फायनान्स कंपन्या या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या आहेत. त्यांचे कर्ज माफ होत नाही आणि हप्ता चुकल्याची नोंद पतअहवालात, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या सिबिलसारख्या अहवालात जाते.

याचा अर्थ नोंदणीकृत कंपनीला मोकळे रान मिळाले असा नाही. एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूक्ष्मकर्ज नियमांनुसार वसुली ठरलेल्या ठिकाणीच, म्हणजे गटाची बैठक भरते तेथेच व्हावी लागते. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तेथे आला नाही, तरच कर्मचाऱ्याला घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येते. सकाळी 9 पूर्वी व सायंकाळी 6 नंतर फोन करणे, वारंवार फोन लावणे, शिवीगाळ करणे, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे आणि थकबाकीदाराचे नाव जाहीर करणे या गोष्टींना मनाई आहे. इतर बँक-फायनान्स कर्जांसाठी फोनची वेळ सकाळी 8 ते सायंकाळी 7 अशी आहे. एका घरातील सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, असेही हे नियम सांगतात. तीन कंपन्यांचे हप्ते एका मजुरीवर भागवणाऱ्या घराने हा मुद्दा तक्रारीत अवश्य मांडावा, कारण मर्यादा तपासण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची होती.

प्रत्यक्षात बैठकीतील दबाव कर्मचाऱ्यापेक्षा गटातील बायकांकडूनच अधिक येतो. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्यांना उठू दिले जात नाही, चूल पेटवायची वेळ टळते, आणि मग शेजारीणच शेजारणीला बोल लावते. कंपनीच्या माणसाने तोंडाने एकही वावगा शब्द काढलेला नसतो. अशा वेळी तक्रारीत ‘आम्हाला अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत बसवून ठेवले’ असे तारीख-वेळेसह लिहावे आणि शक्यतो गटातील दोघी-तिघींनी मिळून सही करावी.

नोंदणीकृत कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (बँका व फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) आणि पोलीस ठाणे हे दोन मार्ग आहेत. लोकपालाकडे शुल्क लागत नाही आणि वकील लागत नाही. किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार स्वीकारलीच जात नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवस थांबावे लागते. कंपनीकडे तक्रार करण्यासाठीचा संपर्क क्रमांक कर्जाच्या कार्डावर छापलेला असणे बंधनकारक आहे, त्यामुळे ते कार्ड जपून ठेवावे. लोकपालाची माहिती 14448 या क्रमांकावर मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत मिळते. जादा आकारणी, न मागता माथी मारलेला विमा, चुकीची पतनोंद, वसुलीतील नियमभंग यांसाठी हा मार्ग उत्तम आहे, पण तो संथ आहे आणि खरे देणे कमी करून देणे हे त्याचे काम नाही. याउलट धमकी, घरात घुसणे, कुलूप लावणे, बाईमाणसाला उद्देशून अश्लील बोलणे असे घडले तर 30 दिवस थांबण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे 112 आणि पोलीस ठाणे हाच मार्ग, कारण तो भारतीय न्याय संहितेखालील गुन्हा आहे, मग कंपनी नोंदणीकृत असो वा नसो. कंपनीची नोंदणीच संशयास्पद वाटत असेल तर डीसी ऑफिसमध्ये अर्ज द्यावा, कारण 2025 च्या कायद्याखालील नोंदणीचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या कर्जात फोटो विद्रूप करून पाठवण्याचे प्रकार झाले, तर 1930 या सायबर क्रमांकावर लगेच कळवावे.

सोसायटीचे कर्ज ही वेगळी गोष्ट आहे आणि आपल्या भागात तीच अधिक गंभीर आहे. सहकारी पतसंस्था आणि सौहार्द संस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्या 1959 च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली किंवा 1997 च्या सौहार्द कायद्याखाली चालतात. बहुराज्य संस्था असेल तर तिला 2002 चा केंद्रीय कायदा लागू होतो. पावतीपुस्तकावर नोंदणी क्रमांकाशेजारी बहुधा हे लिहिलेले असते. संस्थेने वसुलीचा दावा दाखल केला की सहकार खात्यापुढे सुनावणी होते, निवाडा होतो आणि त्यानंतर जप्तीची पाळी येते. 

येथे भाषेचा अडसर खरा नडतो. नोटीस कन्नडमध्ये येते, घरात ती नीट वाचणारा कोणी नसतो, ती देवघरातल्या फडताळात किंवा वीजबिलांच्या पिशवीत जाऊन पडते आणि सुनावणीला कोणी हजर न राहिल्याने निवाडा एकतर्फी होतो. त्यानंतर व्याज चुकीचे लावले होते, मध्ये भरलेले पैसे जमेस धरले नव्हते, हे मुद्दे कितीही खरे असले तरी ते मांडण्यासाठी दुप्पट खटपट करावी लागते. कन्नड नोटीस आली की त्याच आठवड्यात ती वाचून घ्यावी. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे, त्यामुळे मराठी अर्ज नाकारता येत नाही. तरीही काम लवकर व्हावे असे वाटत असेल तर सोबत कन्नड प्रत जोडावी. भाषेचा लढा आणि जप्तीची तारीख एकाच कागदावर लढवू नये, असे माझे मत आहे.

जामीनदाराची स्थिती याहून बिकट असते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हे म्हणणे कायद्यापुढे सहसा टिकत नाही. म्हणून तडजोडीच्या बोलणीत जामीनदारालाही सोबत बसवावे आणि तडजोडपत्रात त्याची मुक्तता स्पष्ट लिहून घ्यावी.

सोसायटी व बँक दोघांच्याही बाबतीत लोकअदालत हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे, तसेच तालुका न्यायालयांतील विधी सेवा समित्यांकडे अर्ज करता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, आणि दंडव्याज सोडून मुद्दल व थोडे व्याज यांवर प्रकरण मिटवण्याची संस्थांची तयारी तेथे अधिक असते. म्हणजे रक्कम कमी होण्याची आणि कटकट मिटण्याची अशा दोन्ही शक्यता असलेला हा दुर्मीळ मार्ग आहे. पण तेथील निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा (अंतिम आदेशासारखा) असतो आणि त्याविरुद्ध अपील नसते. उसाचे बिल कारखाना केव्हा देईल याची खात्री नसताना, आग्रहाखातर मोठा हप्ता कबूल करून सही करणे म्हणजे स्वतःच्या हाताने जप्ती ओढवून घेणे होय.

खाजगी सावकारीत कागद कमी आणि भीती अधिक असते. कर्नाटकात परवानाधारक सावकारालाही तारणी कर्जावर वार्षिक 14 टक्के आणि विनातारण कर्जावर वार्षिक 16 टक्के अशी मर्यादा घातलेली आहे, आणि अवाजवी व्याज आकारणे हा 2004 च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे शेकडा 5 हा दर सर्रास महिन्याचा असतो. 50,000 रुपयांवर दरमहा 2,500 याप्रमाणे 20 महिन्यांत 50,000 रुपये भरूनही मुद्दल जसेच्या तसे राहते. 16 टक्क्यांनी तेवढ्याच काळाचे व्याज साधारण 13,300 रुपये झाले असते. सावकाराशी गावच्या पंचांसमोर बोलणी करावी की तक्रार करावी, हा निर्णय पुराव्यावर अवलंबून आहे. पैसे रोखीने दिले असतील तर सिद्ध करायला काही उरत नाही. म्हणून वाद सुरू झाला असेल तर पुढचा प्रत्येक रुपया फोनपे किंवा बँकेतूनच द्यावा. कोरा धनादेश दिलेला असेल तर पंचांची बैठक पुरेशी नाही. धनादेश न वटल्याची नोटीस आली की 15 दिवसांत पैसे न दिल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून अशी नोटीस आल्या आल्या वकील गाठावा.

‘तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ अशा जाहिराती करणाऱ्या खाजगी सेटलमेंट कंपन्यांबद्दल मी सावधगिरीचाच सल्ला देईन. त्या शुल्क आधी घेतात, हप्ते थांबवायला सांगतात, आणि शेवटी बँकेशी तीच बोलणी करतात जी कर्जदार स्वतः शाखेत जाऊन करू शकतो. एकरकमी तडजोडीचा लेखी अर्ज शाखाधिकाऱ्याला थेट देता येतो. हिशेब मांडण्यासाठी मदत हवी असेल तर बँकांमार्फत चालणारी आर्थिक साक्षरता केंद्रे विनाशुल्क सल्ला देतात. मात्र तडजोड कोणीही करून दिली तरी पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढील काही वर्षे नवे कर्ज मिळणे अवघड होते. थोडी मुदत मिळाली तर पूर्ण फेड शक्य आहे, अशा माणसाने तडजोडीऐवजी फेडीची मुदत, म्हणजे हप्त्यांची संख्या वाढवून घ्यावी.

तुरुंगाची धमकी वसुलीवाले सर्रास देतात. देणे फेडण्याची ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ त्या कारणासाठी दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितले आहे. दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीतूनही शेतकऱ्याची अवजारे, औताची जनावरे व राहते घर, आणि कारागिराची हत्यारे वगळलेली आहेत. अर्थात ती गहाण दिलेली नसावीत. दिवाळखोरीचा अर्जही 1920 च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात करता येतो, पण किरकोळ देण्यांसाठी तो सहसा परवडत नाही.

राहता राहिला सीमेचा प्रश्न. निपाणीचा माणूस कागलच्या सावकाराकडून किंवा बेळगाव तालुक्यातील माणूस चंदगडच्या ओळखीतून पैसे उचलतो, तेव्हा महाराष्ट्रात झालेल्या अशा सावकारी व्यवहाराला तेथील 2014 चा सावकारी नियमन कायदा लागतो आणि तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करावी लागते. सावकारीपोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, ही त्याची जमेची बाजू होय. पण धमकी निपाणीत, घराच्या उंबऱ्यावर दिली गेली असेल तर गुन्हा कर्नाटकातच नोंदवता येतो, आणि कोणत्याही ठाण्याने ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगितले तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न पाहता गुन्हा नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा.

कोणत्याही मार्गाने कर्ज मिटले की ना-देय दाखला, दिलेले कोरे धनादेश आणि मालमत्तेची मूळ कागदपत्रे मागून घ्यावीत. बँक किंवा फायनान्स कंपनीने पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत कागदपत्रे परत देणे बंधनकारक आहे आणि तिच्यामुळे उशीर झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. जमिनीच्या उताऱ्यावर बोजा चढवलेला असेल तर तो आपोआप उतरत नाही. दाखला घेऊन तहसीलदार कार्यालयात अर्ज करावा आणि नवा उतारा हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.