डिस्टन्स कॅल्क्युलेटर: अंतर चोख, वेळ रामभरोसे

दोन एअरपोर्टची नावं टाका, अंतर आणि वेळ मिळेल, अशा बऱ्याच साइट आहेत. त्यातलीच एक आम्ही मे महिन्यात वापरली, आई ताईच्या बाळंतपणाला मुंबईहून न्यूयॉर्कला एकटी डायरेक्ट फ्लाइटने निघाली तेव्हा. तिकीट होतं ना मग साइट कशाला म्हणाल, तर दाजींनी पाठवलेला स्क्रीनशॉट अर्धाच होता, निघायची वेळ दिसत होती, पोचायची कापली गेलेली, आणि रात्री अकराला कोण फोन करून विचारणार.

अंतराला फुल मार्क. मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा एअरपोर्ट) साधारण 12,530 किमी दाखवलं. बाबांचा काही विश्वास बसेना, त्यांनी कपाटावरचा धूळ खात पडलेला पृथ्वीगोल काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि मुंबईवर अंगठा ठेवून ताणला, तर दोरा अरबी समुद्र सोडून सरळ वर, रशिया, नॉर्वे, आइसलंडच्या आसपास, ग्रीनलंडचं टोक आणि मग कॅनडा! साइटवरची रेघही तशीच. आई म्हणाली एवढ्या थंडीतनं जायचं तर स्वेटर हातातल्या बॅगेतच ठेवते, डिंकाचे लाडू खाली जाऊ देत.

गंडलं ते वेळेत. साइटने 15 तास 40 मिनिटं सांगितली, येतानाची पण तेवढीच. म्हणजे अंतराला ताशी 800 ने भागलं की झालं काम. वारा कोण बघणार? वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा वाहतो, त्यामुळे अमेरिकेला जाताना विमान रखडतं आणि परत येताना तेच दीड-दोन तास लवकर पोचतं. शिवाय दोऱ्यासारखं सरळ कोण जाऊ देतंय, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, मग विमान आधी समुद्रावरून पश्चिमेला काढायचं आणि तिकडून वर.

आणि कहर म्हणजे घड्याळ. साइट तारीखच विचारत नाही! न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे धरून मोकळी, पण ते हिवाळ्यात, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊच. आईचं विमान रात्री दीडला सुटलं, साइटच्या हिशोबाने तिकडे सकाळी 6:40 ला उतरायला हवं होतं. उतरलं 8:20 ला. दाजी सव्वासहालाच हजर, तोपर्यंत दोन कॉफ्या आणि पार्किंगचा मीटर, वर इमिग्रेशनची लाइन, आई बाहेर आली साडेनऊला. दाजी काही बोलले नाहीत पण ताईने पार्किंगच्या पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला. पूर्ण फोटो, कापलेला नाही.

5 पैकी अडीच स्टार, तेही अंतराचे आणि त्या रेघेचे. वेळेसाठी आता आम्ही फ्लाइटरडार24 या विमानं ट्रॅक करायच्या साइटवर तीच फ्लाइट मागच्या आठवड्यात रोज किती वाजता उतरली ते बघतो, नंबर टाकला की सगळी लिस्ट येते, फुकट.

आई ऑक्टोबरमध्ये येतेय. बाबांनी 14 तास धरलेत आणि नाशिकहून निघायला वर कसारा घाटाचा एक तास जास्तीचा.