शाळेच्या बसची सेवा आणि चालकांची मद्यतपासणी : सांगलीतील एका पालकाचा अभिप्राय

विश्रामबाग आणि कुपवाड परिसरातील मुलांना शाळेत नेणाऱ्या एका खासगी बससेवेविषयी हा अभिप्राय आहे. माझी मुलगी याच बसने जाते आणि शाळेच्या परिवहन समितीत मी पालकांची प्रतिनिधी आहे, त्यामुळे बसबरोबरच तिच्यामागची व्यवस्थाही मला जवळून पाहता आली. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत.

गाड्या स्वच्छ आहेत, वेळ पाळली जाते, मुली असलेल्या प्रत्येक बसमध्ये महिला मदतनीस असते आणि अग्निशामक व प्रथमोपचार पेटी जागेवर असते. महाराष्ट्रात 2011 पासून लागू असलेल्या स्कूल बस नियमांची ही बाजू येथे नीट सांभाळली जाते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

ही सेवा निवडण्याचे माझे खरे कारण चालकांची तपासणी हे होते. सकाळी चालक शेडवर आला की गाडीची किल्ली हातात पडण्यापूर्वी त्याला ब्रेथ अॅनालायझरमध्ये, म्हणजे श्वासातील मद्यार्क मोजणाऱ्या यंत्रात, फुंकावे लागते. प्रत्येकासाठी नळी बदलली जाते आणि आकडा वहीत लिहून त्यापुढे चालकाची सही घेतली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास गुन्हा होतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या मालकांनी स्वतःची मर्यादा मात्र शून्य ठेवली आहे. आकडा शून्याच्या वर गेला की त्या दिवशी किल्ली मिळत नाही. कायद्यापेक्षा कडक असलेला हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

तो योग्य का, हे सकाळच्या फेरीचा विचार केला की कळते. शाळेचा चालक पहाटे पिऊन येईल ही शक्यता कमी. खरा धोका रात्रीच्या पिण्याचा असतो. शरीर दर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम मद्यार्क कमी करते, आणि व्यक्तीनुसार हा वेग बदलतो. मध्यरात्री 120 मिलिग्रॅमवर असलेला माणूस सकाळी सहाला 30 च्या आसपास येईल. लग्नाच्या किंवा यात्रेच्या जेवणानंतर झोपून उठलेल्या त्या माणसाला आपली उतरली आहे असे प्रामाणिकपणे वाटत असेल, पण उपकरणाला तसे वाटत नाही. म्हणूनच ही तपासणी चालकावरचा अविश्वास नसून त्याच्या स्वतःच्या अंदाजाला दिलेला आधार आहे, असे मी समितीत वारंवार मांडते.

उपकरणाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. येथे वापरले जाणारे यंत्र फ्युएल सेलचे आहे. त्यात श्वासातील मद्यार्काचे प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. बाजारात मिळणारी स्वस्त सेमीकंडक्टर यंत्रे इतर वाफांनाही प्रतिसाद देतात, त्यामुळे नोकरीचा निर्णय त्यांवर सोपवू नये. चांगल्या यंत्रालाही ठरावीक काळाने कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का हे तपासून जुळवणी, लागते, आणि येथील शेवटच्या कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मी मागितले तेव्हा ते दाखवण्यात आले नाही. शिवाय मद्यार्कयुक्त माउथवॉशने नुकतीच चूळ भरलेली असली तर आकडा खोटा वाढू शकतो. अशा वेळी पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला देण्याची पद्धत हवी. ती लेखी नसल्याने चालकाचा मान आणि रोजगार दोन्ही तपासणाऱ्याच्या मर्जीवर राहतात, आणि हे मला मान्य नाही.

मोठी उणीव वेळेची आहे. तपासणी फक्त सकाळी आणि रोज त्याच वेळी होते. दुपारी मुलांना घरी सोडणाऱ्या फेरीपूर्वी कोणी काही पाहत नाही, जरी मधले चार-पाच तास चालक मोकळाच असतो. अमेरिकेत 1991 च्या कायद्यानंतर स्कूल बसच्या चालकांसह सर्व व्यावसायिक अवजड वाहनचालकांची अचानक, सोडतीसारख्या निवडीने चाचणी होते. सध्याच्या नियमानुसार वर्षभरात चालकसंख्येच्या किमान 50 टक्के अमली पदार्थांच्या आणि 10 टक्के मद्याच्या चाचण्या कराव्या लागतात. नोकरीवर घेण्यापूर्वी अमली पदार्थांची चाचणी होते, आणि नापास झालेल्याची नोंद 2020 पासून केंद्रीय यादीत राहत असल्याने तो दुसऱ्या मालकाकडे गुपचूप रुजू होऊ शकत नाही. तेवढी यंत्रणा एका बसमालकाने उभारावी अशी अपेक्षा नाही. पण तपासणीची वेळ चालकाला आधी माहीत नसावी, हे तत्त्व पाळायला काहीच खर्च येत नाही.

अमली पदार्थांबाबत येथे कोणतीच तपासणी नाही. ब्रेथ अॅनालायझरला गांजा, मेफेड्रोन किंवा झोपेच्या गोळ्या कळत नाहीत. त्यासाठी लाळेची वा लघवीची चाचणी आणि प्रयोगशाळेतील खात्री लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोनचा साठा पकडला होता, तेव्हा हा प्रश्न आपल्या गावापासून दूर आहे असे कोणी म्हणू नये. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. अशी औषधे घेतल्याचे चालकाने सांगावे आणि त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये, अशी सोय हवी. पगार कापला जाणार असेल तर कोणीही सांगणार नाही.

सर्वांत अधिक नाराजी बदली चालकाबाबत आहे. नेहमीचे काका रजेवर असताना आलेला बदली चालक थेट घरून गाडी घेऊन आला होता आणि त्याच्या नावापुढे वहीत त्या दिवसाची नोंदच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शाळेच्या बसचालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि मद्यपान करून गाडी चालवल्याचे एकदाही चलन झालेले असल्यास त्याला नेमता येत नाही. कायमच्या चालकांची जुनी चलने हे मालक पाहतात, पण बदलीवाल्याला हे सारे लागू नाही असे समजले गेले. मुलांसाठी मात्र तोही त्या दिवसाचा चालकच असतो.

तरीही, सांगलीत मी चौकशी केलेल्या सेवांपैकी रोज आकडा लिहून ठेवणारी हीच एक होती, आणि त्यामुळे मी ती बदललेली नाही. पुढील वर्षाच्या करारासाठी समितीने लेखी मागण्या दिल्या आहेत. बदली चालकाची शेडवरच तपासणी आणि कॅलिब्रेशनची प्रत शाळेकडे जमा करणे या दोन्ही मालकांनी मान्य केल्या. दुपारच्या अचानक तपासणीला त्यांनी अजून होकार दिलेला नाही. प्रवेश घेणाऱ्या पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी याच मुद्द्यावर त्यांच्याकडून लेखी उत्तर मागून घ्यावे.