प्रतिपालकत्वाचे महिना 4000: मिळतात कसे, पुरतात किती आणि थांबतात कधी

व्हॉट्सअॅपवर ‘मूल सांभाळा, सरकार महिना 4000 देतं’ असा मेसेज फिरला की नाशिकला पंचवटीतल्या माझ्या शिवणाच्या दुकानात बायका तेच विचारायला येतात, कारण माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी प्रतिपालकत्वाखाली (फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणं) राहते. तिचं नाव, शाळा लिहिणार नाही, कायद्यानेच मनाई आहे. पण योजनेबद्दल नीट सांगते. अर्धवट माहितीवर कुणी घरात मूल आणू नये.

मेसेजमध्ये दोन योजनांची सरमिसळ असते. राज्याची बालसंगोपन योजना वेगळी. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि 2023 पासून मुलामागे महिना 2250 मिळतात, आधी 1100 होते. 4000 आहेत ते केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेचे. प्रतिपालकत्वाची रक्कम मिळते ती बालकल्याण समितीने (निराधार मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) लेखी आदेश काढून मूल तुमच्या घरी दिलं तरच. कुणाचं मूल आपण होऊन ठेवून घेतलं, तर या रकमेवर हक्क नाही.

पूर्वी हे फक्त नवरा-बायकोला करता यायचं. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी 35 ते 60 वयाच्या एकट्या माणसालाही परवानगी दिली. मी लग्न केलेलं नाही, घरी आई आणि मी, त्यामुळे ही तरतूद आली नसती तर ही मुलगी आमच्या घरी आलीच नसती.

मला सगळ्यात आवडलं ते गृहभेटीचं काम, म्हणजे मूल देण्याआधी घर पाहायला येतात ते. आलेल्या ताईंनी माझ्या कमाईचे कागद पाहिले, पण त्याहून जास्त वेळ बाकीच्या चौकशीला दिला. मुलगी झोपणार कुठे, मी गिऱ्हाइकात असताना तिच्याजवळ कोण, कात्र्या कुठे ठेवता. मग आईला वेगळं बसवून विचारलं, “आजी, तुम्हाला मनापासून हवंय ना? की लेक म्हणते म्हणून?” आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “सकाळी सातला डबा करावा लागेल. करीन मी.” ताईंनी ते तसंच लिहून घेतलं. पोलीस पडताळणी झाली, डॉक्टरांचा दाखला दिला. फी कसलीच नाही. मूल घरी आल्यावर दर महिन्याला पाहणी व्हावी असं कायद्यातच आहे. काहींना त्याचा जाच वाटतो, मला वाटत नाही. परक्या घरात ठेवलेल्या मुलाकडे कुणीतरी डोळे उघडे ठेवून पाहायलाच हवं.

अडलं ते बँकेत. मुलीचं आणि माझं जोडखातं काढायला गेले, तर काउंटरवर म्हणाले, “आई असाल तर जन्मदाखला द्या, नाहीतर दत्तकपत्र.” यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. समितीचा आदेश मॅनेजरसाहेबांनी स्वतः वाचला तेव्हा काम झालं. म्हणून मूळ आदेश सोबत ठेवा, थेट मॅनेजरला भेटा आणि मुलाचं आधार त्याच दिवशी खात्याला जोडून घ्या.

पुरतात का? शाळेची व्हॅन, शिकवणी, दूध, वह्या यांना चांगला हातभार लागतो. पण ती आल्यावर लक्षात आलं की तिला फळ्यावरचं दिसतच नाही, वर्गात शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. डोळ्यांची तपासणी आणि चष्मा एकाच महिन्यात आले, तेव्हा माझ्या गल्ल्यातूनच काढावे लागले.

खरी खंत पुढेच आहे. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. मूल कायद्याने दत्तक द्यायला मोकळं असेल, तर दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तकासाठी अर्ज करता येतो, पूर्वी त्याला पाच वर्षं थांबावं लागे. दत्तकाचा आदेश सप्टेंबर 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्याकडे सीबीएस बसस्टँडजवळच्या कलेक्टर कचेरीतून. आदेश झाला की मूल सर्वार्थाने तुमचं, आणि प्रतिपालकत्वाचे 4000 बंद. व्हॅनचे पैसे त्यानंतरही द्यायचेच असतात.

अमेरिकेत 1980 च्या कायद्याने यावर उपाय केला. मोठी मुलं, एकत्र राहू इच्छिणारी भावंडं, अपंगत्व असलेली मुलं, म्हणजे ज्यांना घर मिळणं अवघड, त्यांच्यासाठी दत्तकानंतरही दरमहा मदत चालू राहते, साधारण 18 वर्षांपर्यंत. आईबापाच्या उत्पन्नाची अट नाही, मात्र करार दत्तक पक्कं होण्याआधी करावा लागतो. आपल्याकडे बहुतेकांना तान्हं बाळ हवं असतं आणि मोठी मुलं संस्थेत थांबून राहतात. त्यांना घेणाऱ्या घराला निदान शाळा संपेपर्यंत आधार द्यायला काय हरकत आहे? आमदार-खासदारांकडे हे मागायलाच हवं.

मी तिला दत्तक घेणार, पैसे थांबले तरी. त्यासाठी आतापासूनच पोस्टात दरमहा आरडी भरते. ज्यांची कमाई माझ्याहून कमी आहे त्यांनी हा हिशोब मूल घरी यायच्या आधी मांडावा.

माझे गुण: गृहभेटीला पाचपैकी पाच, रकमेला तीन. दत्तकानंतरच्या मदतीला गुण देता येत नाहीत, ती नाहीच. माहिती जिल्हा बालसंरक्षण कक्षात विचारा. ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.