७० हजारांची टेलिकास्टर: सुटे भाग जोडून केलेल्या गिटारचा हिशेब

सुटे भाग आणून जोडलेली गिटार दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडते, हा समज आधी डोक्यातून काढा. टेलिकास्टर या फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या घाटाची माझी गिटार लाकडापासून तारांपर्यंत ६१,३०० रुपयांना पडली. हत्यारांचे ८,७०० वेगळे. म्हणजे ७० हजार झाले. त्याच सुमारास मी चौकशी केली, तेव्हा स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची चांगली टेलिकास्टर ५० हजारांच्या आतबाहेर मिळत होती. हा खर्च मी पुन्हा करीन, पण प्रत्येकाने करावा असं मला वाटत नाही. कुठे पैसे वसूल झाले आणि कुठे नाहीत, तेवढं सांगते.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी सांगलीच्या एका वाद्यवृंदात ऱ्हिदम गिटार वाजवते. गणपती, नवरात्र, लग्नसराई, सगळीकडे तीन-चार तास उभ्याने कार्यक्रम. मला साडेतीन किलोच्या आतली गिटार हवी होती, कारण खांदा दुखतो. नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायचा लांब दांडा, बारीक हवा होता, कारण माझे हात लहान आहेत. आणि डिमरवरच्या दिव्यांखाली तिच्यातून घूं असा आवाज कमीत कमी यायला हवा होता. या तिन्ही गोष्टी एकाच गिटारमध्ये कुठल्याच दुकानात मिळेनात. तुम्हाला काय हवंय आणि ते तयार का मिळत नाही, हे असं दोन-तीन वाक्यांत सांगता येत असेल तरच या वाटेला जा. नसेल तर तयार गिटार घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला अ‍ॅम्प घ्या.

टेलिकास्टरच का? कारण ती मुळात सुट्या भागांतून जोडण्यासाठीच आखलेली आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मध्ये त्याने जी गिटार बाजारात आणली, तिचा नेक डिंकाने न चिकटवता चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेला होता. नेक खराब झाला की काढायचा आणि दुसरा बसवायचा. तिचं आधीचं नाव ब्रॉडकास्टर. ग्रेट्श कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर झाली. अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरचा नेक आणून स्वतःची गिटार जोडली. क्वीन बँडच्या ब्रायन मेने तर १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार घडवली, तिच्या नेकचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. (ज्याच्या गाण्यांमागे ती पुढे वाजली, तो फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं.) सांगायचं एवढंच, की ‘असेंबल केलेली’ म्हणून कोणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका.

आता नेक. सगळ्यात जास्त पैसे इथे गेले: २९ हजार. फेंडरच्या परवान्याने बनणारा, मेपलचा, वर शिसवीचा फ्रेटबोर्ड (धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवलेली फळी), नटपाशी (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीपाशी) रुंदी ४२ मिलिमीटर, मागून सपाटीकडे झुकणारी गोलाई. नेकची मूळ किंमत यातली जेमतेम दोन तृतीयांश. बाकीचा खर्च वाहतूक, कस्टम आणि जीएसटीचा. कुरिअर कंपनीने आधी तोंडी सांगितलेला आकडा आणि दारात मागितलेला आकडा यांत बराच फरक होता. तेव्हा परदेशातून भाग मागवताना कराचा अंदाज लेखी घ्या. शिसव तर आपल्याच सह्याद्रीतही वाढणारं झाड. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या जातींवर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले, तेव्हा वाद्यंसुद्धा कागदपत्रांत अडकत होती. २०१९ मध्ये तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग त्यातून वगळले गेले, म्हणून हे आता सोपं झालंय.

पाच-सहा हजारांतही नेक मिळतात. मी ते हातात घेऊन पाहिलेत. लाकूड बरं असतं, पण फ्रेटची टोकं बोचतात आणि ट्रस रॉड (नेक सरळ करणारी आतली सळी) फिरवला तरी काही नेक ढिम्म हलत नाहीत. बॉडीवर हात राखून खर्च करा, पिकअप (तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या) पुढे कधीही बदलता येतात, पण नेकवर कंजुषी करू नका. हात दिवसभर तिथेच असतो.

बॉडी मात्र इथलीच. टिंबर मार्केटमध्ये सगळे सागवान घ्या म्हणत होते. सागवान देखणं आणि टिकाऊ, पण खांद्याला जड. मी तून घेतलं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या तबलीला वापरतात तेच हे लाकूड: हलकं, तांबूस, रंधा मारताना गोडसर वास येणारं. दोन फळ्या जोडून केलेला तुकडा २,२०० रुपयांना मिळाला. कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या सीएनसीवाल्याने माझ्या ड्रॉइंगवरून कापून दिला, त्याचे २,८००. जाडी ४५ मिलिमीटर, नेकची खाच ५६ रुंद आणि १६ खोल. या माणसाचं काम पाहून मी खूश आहे. खाच त्याने मुद्दाम केसभर कमी कापली आणि म्हणाला, “मॅडम, काढायला कधीही येतंय, भरायला येत नाही.” पॉलिश पेपरने दोन्ही भिंती हलक्या घासल्यावर नेक असा बसला, की स्क्रू न लावता गिटार नेकला धरून उचलली तरी बॉडी खाली पडली नाही. पूर्ण गिटारचं वजन भरलं ३.२ किलो.

ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा अडकतात त्या पट्टीची, जागा ठरवणं हे सगळ्यात जोखमीचं काम. या गिटारची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिलिमीटरची. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४, आणि तेवढंच अंतर पुढे सॅडलपर्यंत, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तिथपर्यंत. बारीक तारेचं सॅडल नेमकं तिथे हवं, जाड तारांची दोन-चार मिलिमीटर मागे. त्याआधी नेकच्या दोन्ही कडांना लागून दोन दोरे ताणायचे आणि ते ब्रिजवरच्या बाहेरच्या दोन तारांशी समांतर जातात का पाहायचं, मगच ड्रिल. आमच्या एका विद्यार्थ्याने १४ हजारांचं तयार किट मागवलं होतं. त्यात ब्रिजची भोकं कारखान्यातूनच तीन मिलिमीटर सरकलेली आली. बारीक तार फ्रेटबोर्डच्या काठावरून घसरायची. विकणाऱ्याने दाद दिली नाही. शेवटी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवून नवी पाडावी लागली. किट घ्यायचंच असेल तर बॉडीवर भोकं न पाडलेलं घ्या.

खुंट्या आणि ब्रिज जपानी गोटोचे: ५,५०० आणि ६,०००. यावर फार बोलण्यासारखं काही नाही. सुरात लावली की सुरात राहते, एवढ्यासाठीच ते पैसे.

आता फ्रेट. नेक कितीही महाग असला तरी बावीसच्या बावीस फ्रेट एका पातळीत येत नाहीत, आणि हत्यारांचे बहुतेक पैसे याच कामाचे. आधी ट्रस रॉड फिरवून नेक सरळ करायचा. फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावायची. मग प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ ओढायची आणि सपाट लोखंडी पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून ती नेकच्या लांबीने, अजिबात दाब न देता फिरवायची. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच कळतं. उंच फ्रेटवरचा काळा रंग निघतो, खोलगट फ्रेटवर तो तसाच राहतो. माझ्या नेकवर चौदावा आणि पंधरावा फ्रेट उंच होते आणि अठरावा एका कडेला बसलेला. सगळीकडचा रंग एकसारखा निघाला की थांबायचं, कारण त्यापुढे घासलेलं प्रत्येक कण म्हणजे फ्रेटचं आयुष्य. आता माथे सपाट झालेले असतात. पुन्हा मार्कर, आणि खोबणीच्या कानशीने दोन्ही बाजूंनी गोल करत यायचं, इतकं की मध्ये काळी रेघ केसाएवढी उरावी. तार त्या रेघेवर टेकते. रेघ रुंद राहिली तर सूर किंचित चढा लागतो आणि आवाज बोथट होतो.

हे काम करताना मला गिटार पहिल्यांदा कळली, असं मी मनापासून म्हणते. इतकी वर्षं वाजवत होते, पण एखादा स्वर कुजका का लागतो, वरच्या भागात तार का खडखडते, याचं उत्तर ‘सेटअप बिघडलाय’ एवढंच माहीत होतं. आता बाराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटर आहे आणि कुठेही खडखड नाही.

नट हाडाचा केला, आणि त्यासाठी मिरजेला गेले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या सतारमेकर गल्लीत जवारी लावणारे (तारेचा झंकार साधून देणारे) एक चाचा आहेत, त्यांच्याकडे घोडीला लागणारं हाड असतं. मी कच्चा घासलेला नट बसवूनच गिटार नेली होती. त्यांनी तिसरी तार मोकळी छेडली, कान जवळ नेला आणि म्हणाले, “ताई, ही तार तंबोऱ्यासारखी बोलतीय की! तुम्हाला हे चालंल?”

चालणार नव्हतंच. तंबोऱ्यात तार घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या माथ्यावर पसरून टेकते, त्यातूनच ती झंकार उठते आणि तीच मोठ्या मेहनतीने साधायची असते. गिटारच्या नटमध्ये नेमकं उलट. खाचेचा तळ खुंट्यांच्या दिशेने उतरता हवा, तार फक्त पुढच्या धारेवर सुटली पाहिजे. खाच सपाट राहिली की मोकळी तार सतारीसारखी झणझणते. चाचांनी सहा खाचा कानशीने मागे उतरवल्या. दर दोन-तीन फटक्यांनंतर तार लावून ऐकायचे, मोजपट्टीला हात लावला नाही. मोकळी तार आणि दाबलेली तार यांच्या आवाजात आता फरक कळत नाही. पैसे घेईनात, बळेच दिले.

वायरिंग हा माझा प्रांत, म्हणून थोडं स्पष्ट बोलते. पिकअपची जोडी ९,५०० ची, त्यातला नेककडचा पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा. त्यामुळे स्विच मधल्या जागी ठेवला की दोन्हींतली घूं एकमेकींना मारते. वाद्यवृंदात मी जास्त वेळ तिथेच वाजवते. पिकअप आणि वायरिंगसाठी बॉडीत कोरलेल्या खाचांना आतून तांब्याची टेप लावली, सगळे तुकडे एकमेकांना डाख देऊन जोडले आणि मीटरवर सलगता तपासली. पॉट (आवाज कमी-जास्त करायचे नॉब), स्विच, जॅक, कपॅसिटर, वायर मिळून २,३००. रेडिओच्या दुकानातले स्वस्त पॉट टाळा. २५० किलोओहम छापलेला एक मी मोजला, तो २१२ भरला, आणि आवाज एकदम शेवटच्या टोकाला कमी होत होता. जॅकही चांगला घ्या. कार्यक्रमात आधी तोच दगा देतो.

पॉलिशला चपडा लाख आणि स्पिरिट, ९०० रुपये. पातळ हात मारत गेले, तुनाचा तांबूसपणा वर आला. घाम आणि सांडलेला चहा यांपुढे लाख पीयूसारखी (पॉलियुरेथेनच्या पॉलिशसारखी) टिकत नाही, पण ओरखडा त्याच जागी दुरुस्त होतो. पिकगार्ड, प्लेट, स्क्रू वगैरे २,४००, तारा ७००.

दोन तोटे सांगायलाच हवेत. पहिला, ही गिटार विकायला काढली तर निम्मेही येणार नाहीत. हेडस्टॉकवर नाव नाही, आणि बाजारात नावालाच भाव. दुसरा, वॉरंटी नाही. पावसाळ्यात रत्नागिरीच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा दमट हवेने नेक पुढे वाकला आणि तारा उंच झाल्या. ट्रस रॉडला पाव फेरा दिला, गावी परतल्यावर तेवढाच उलटा. तयार गिटारलाही हे लागतंच, पण इथे पाना आपल्यालाच उचलावा लागतो.

करायचंच ठरलं तर क्रम असा ठेवा: आधी नेक मागवा, तो हातात आल्यावर मोजा आणि मगच बॉडी कापायला द्या, कारण ड्रॉइंगवरच्या ५६ आणि प्रत्यक्षातल्या ५६ मध्ये फरक निघतो. ब्रिज, खुंट्या एकत्र घ्या. पिकअप सगळ्यात शेवटी घेतले तरी चालतात, तोवर ओळखीच्याचे जुने लावून वाजवा. फ्रेटची हत्यारं दोघा-तिघांत मिळून घेतली तर तो ८,७०० चा भार वाटला जाईल. सांगली-मिरजेच्या आसपास कुणाला बॉडी करायची असेल, तर माझं ड्रॉइंग कुपवाडच्या त्या दुकानात अजून आहे. लाकूड फक्त पुरेसं वाळलेलं घेऊन जा, ओल असेल तर तो कापायला घेत नाही.