मर्सी शिप्सची स्वयंसेवा : नाशिकच्या एका परिचारिकेचा अभिप्राय

‘ग्लोबल मर्सी’ या रुग्णालय-जहाजावर काम करून परतल्यापासून शरणपूर परिसरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) अनेक जण, विशेषतः तरुण परिचारिका, तिथली सेवा कशी आहे आणि आपण जावे का, असे विचारत असतात. त्यांच्यासाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था १९७८ साली स्थापन झाली. आफ्रिकेतील एखाद्या बंदरात कित्येक महिने जहाज नांगरून ठेवायचे आणि ज्यांना शस्त्रक्रिया परवडत नाही, किंवा जवळपास मिळतच नाही, त्यांच्यावर ती विनामूल्य करायची, हे तिचे काम. ‘ग्लोबल मर्सी’ हे १७४ मीटर लांबीचे जहाज मुळातच रुग्णालय म्हणून बांधले असून त्यावर ६ शस्त्रक्रियागृहे आहेत. २०२३ मध्ये सेनेगलच्या डकार बंदरात त्यावरील शस्त्रक्रियांना सुरुवात झाली आणि त्याच वर्षी ते सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात आले. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, जबड्याच्या मोठ्या गाठी, भाजल्यामुळे आखडलेले हातपाय अशा आजारांवर तिथे उपचार होतात. वॉर्डची शिस्त, स्वच्छता आणि साधने उत्तम आहेत, त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही.

मला सर्वांत जास्त शिकवले ते रुग्णनिवडीने. येणाऱ्या प्रत्येकाचे काम जहाजावर होऊ शकत नाही; काही आजार शस्त्रक्रियेने बरे होणारे नसतात आणि काहींवर पुढे वर्षानुवर्षे उपचार लागतात, जे जहाज गेल्यावर कोणी करू शकणार नाही. अशा माणसाला नकार द्यावाच लागतो. एका आजींच्या मानेवरील गाठ तपासून झाल्यावर त्यांना बाजूच्या बाकावर नेले, स्थानिक सहकारी ताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि काय शक्य नाही व का शक्य नाही, हे त्यांच्या भाषेत सावकाश सांगितले. आजींनी तेच दोनदा विचारले आणि ताईंनी दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे उत्तर दिले. त्यांच्या मागे लांबच लांब रांग होती, तरी कोणी घाई केली नाही, आणि आजींनी होकार दिल्यावरच प्रार्थना झाली. कोणतीही सेवा कशी आहे हे तिच्या होकारावरून सहसा कळत नाही, कारण होकार देताना सगळेच प्रेमळ असतात.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत भरणाऱ्या आरोग्य शिबिरांत मी अनेकदा काम केले आहे. तिथे गोळ्यांची पाकिटे हातात पडतात, ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ असे चिठ्ठीवर लिहून मिळते, आणि तो दवाखाना कुठे, तिथवरचे एसटीचे भाडे कोण देणार, सोबत कोण जाणार, हे विचारायला कोणी थांबत नाही. ती चिठ्ठीही एक नकारच असते, पण तो नीट सांगितलेला नसतो. आमच्या मंडळीच्या शिबिरात आता नोंदणीच्या टेबलाइतकेच महत्त्व अशा रुग्णांशी बोलण्याच्या जागेला द्यावे, असा माझा आग्रह आहे आणि पाळकसाहेबांनी तो मान्य केला आहे.

दुसरी गोष्ट स्थानिक सहकाऱ्यांची. शल्यविशारद काही आठवड्यांसाठी येतात, परिचारिका काही महिन्यांसाठी. क्रिओ आणि इतर स्थानिक भाषा बोलणारे, रुग्णाच्या घरची परिस्थिती जाणणारे लोक मात्र तिथलेच असतात आणि त्यांच्यावाचून वॉर्डातले एक पानही हलत नाही. बाहेरून आलेल्याने हे पहिल्याच दिवशी ओळखावे. नाशिककराला तर ते अवघड जाऊ नये : गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिक्षण मिळाले आणि त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला. नाव इतिहासात राहिले ते प्रवाशाचे, पण त्याला शेवटपर्यंत पोहोचवले ते सोबत्यांनी. फ्रीटाउनही मुक्त झालेल्या गुलामांनीच वसवलेले शहर असल्यामुळे हे मला तिथे वारंवार आठवत असे.

आता अडचणी. पगार मिळत नाही आणि प्रवासासह बराचसा खर्च स्वतः उभा करावा लागतो, त्यामुळे घरची जबाबदारी अंगावर असणाऱ्यांना हे सहज जमणारे नाही. मंडळीने एखाद्या परिचारिकेचा भार उचलला तर तो पैसा सत्कारणी लागेल, असे मला मनापासून वाटते. खोली इतरांबरोबर वाटून घ्यावी लागते आणि ड्यूटी संपली तरी सहकारी तेच असतात, तेव्हा एकान्ताची सवय असणाऱ्यांनी विचार करूनच जावे. ओळख झालेली माणसे सतत निरोप घेत असतात, याचाही मनावर ताण येतो.

जाणाऱ्यांनी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस अधिकृत केंद्रावर निदान १० दिवस आधी घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र परतीच्या प्रवासातही जवळ ठेवावे, कारण भारतात उतरताना ते पाहतात. अर्ज करताना वॉर्डातील कामाबरोबर रुग्णनिवडीच्या गटात एखादा दिवस तरी मिळेल का, हे आवर्जून विचारावे.