जुनी पोलो जीटी की बलेनो आरएस: ठाण्यात कोणती घ्यावी?

जोमदार इंजिनाची जुनी हॅचबॅक शोधणाऱ्या ठाणेकरासमोर बहुधा फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि मारुती बलेनो आरएस या दोन गाड्या येतात. २०१३ साली आलेल्या पोलोचे १.२ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन १०५ पीएस शक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. पाम बीच मार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर तिची स्थिरता मन जिंकते. मात्र तिच्या सात गतींच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये कोरडे (थंड ठेवणारे तेल नसलेले) दुहेरी क्लच असल्याने, घोडबंदर रस्त्यावरच्या रोजच्या सरकत्या कोंडीत ते तापतात व लवकर झिजतात, आणि त्यांची दुरुस्ती खिशाला जड जाते. म्हणून गाडी चालवून पाहताना ती गर्दीतच, इंजिन पुरेसे तापल्यावर पाहावी. पहिल्या-दुसऱ्या गतीत धक्का किंवा थरथर जाणवली तर सौदा तिथेच सोडावा. २०२० पासूनच्या एक लिटरच्या पोलो जीटीत टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे अशा क्लचऐवजी तेलातून शक्ती पोचवणारा, सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे आणि माझ्या मते दोन पोलोंपैकी तीच अधिक शहाणी निवड ठरते.

२०१७ ते २०२० या काळात विकली गेलेली बलेनो आरएस तीन सिलिंडरची, १०२ पीएसची, केवळ मॅन्युअल गिअरची आहे. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, मागची जागा ऐसपैस आहे. डावा पाय कोंडीत दुखेल खरा. तरीही ठाण्यातच राहणाऱ्या कुटुंबाला मी हीच सुचवेन.